फळीवरचं गाव

आवळेखारात कुणी नवखा माणूस येऊन अमक्याचं घर कुठं असं विचारायला लागला, की लोक आधी त्यालाच विचारायचे, "कशाला?" त्यानं कारण सांगितलं की त्याच्या चपलांकडं बघायचे. कारण आणि चपला जुळल्या तर घर दाखवायचे, तेसुद्धा शेजाऱ्याचं. शेजाऱ्यानं स्वतःची खात्री करून घ्यावी आणि मग माणूस पुढं सोडावा. सगळं गाव असं संशयावर चालायचं, आणि बरं चालायचं.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. पनवेलकडून मोटार यायची ती गावाच्या तोंडाशी चिंचेखाली थांबायची, तिथंच वळायची आणि परत जायची. चिंचेखाली कमळचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे घराची ओटी, एक बाकडं, एक स्टोव्ह, किटली आणि बरणीत चहात बुडवायचे कडक बटर. मोटार आपल्याला चुकवून लवकर निघून जाईल असा गावाला पक्का संशय, त्यामुळं लोक फार आधी येऊन बसायचे. मोटार तिच्या वेळेलाच यायची. मधल्या वेळात चहा व्हायचा. कमळचं सगळं दुकान त्या मधल्या वेळावर उभं होतं. नवरा हिरामण मिठागरात मीठ ओढायला जायचा, पण घरातली चूल पेटायची ती हॉटेलवर, कारण पावसाळ्यात मीठ नसतं आणि चहा असतो.

अशात एका पौषात मोटारीतून हळबे नावाचा एक पोरगेला साहेब उतरला. मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातला, विलायतेत शिकून आलेला. त्यानं टपावरून दाराएवढी एक फळी खाली घेतली.

"दार इकायला आणलंय का?" भागोजी गुरवानं विचारलं. भागोजी म्हणजे गावदेवीचा पुजारी. देवीला कौल लावायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा, ही दोन्ही कामं त्याच्याच घरात.

"दार नाही, मॉडेल आहे," हळबे म्हणाला.

गावानं त्याच्या पायाकडं पाहिलं. बूट होते.

फळीवर नकाशा रंगवलेला होता. खाडी निळी, भातशेती हिरवी, मिठागरं पांढरी, आणि वरच्या कोपऱ्यात मुंबई म्हणून एक काळा डाग. हळबेनं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "मुंबई भरली. आज ना उद्या लोक खाडी ओलांडून इकडं राहायला येणार. ते घरं कुठं बांधतील आणि रस्ते कुठून जातील, ते मला बघायचंय. रस्ता जातो तिथं घरं होतात. घरं होतात तिथं रस्ता मागतात. रस्ता दिला की आणखी घरं. कोण कुणाला ओढतं ते नुसतं बसून कळत नाही, म्हणून हा खेळ मांडायचा."

"आमची शेतं फळीवर मांडता, आनि वर खेळ म्हंता," दिनानाथ म्हणाला. दिनानाथ मिठागराचा मालक. गावापासून मैलभर पूर्वेला, खारीत, म्हणजे बांध घालून खाडीतून काढलेल्या जमिनीत, त्याची आगरं होती. मोठ्या रस्त्याला फाटा होता. एक वाट चिंचेशी यायची आणि दुसरी दिनानाथच्या खारीत जायची. खारीच्या वाटेवर मिठाचे ट्रक सोडून कुणी फिरकत नव्हतं.

हळबेला फळी ठेवायला जागा कुणी देईना. फळी घरात घेतली की घर फळीवर जातं, अशी हवा होती. कमळनं दिली. तिचा हिशेब सोपा होता. साहेब ओटीवर बसला की त्याच्यावर लक्ष ठेवायला गाव येणार, आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा घसा सुकतो.

जमिनीवर शेळ्या चढतात म्हणून फळी भिंतीला उभी टेकवली. घरं म्हणून कमळच्याच डब्यातले वाल घेतले. एक वाल म्हणजे दहा घरं. वाल चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ, तीही कमळनंच करून दिली. रस्ता म्हणून लाल दोरा.

"यात माजी चिंच कुठं हाय?" कमळनं पहिल्यांदा तेच विचारलं.

"झाडं नाही दाखवत यात. झाडांचा परिणाम नसतो."

"मोटार तर चिंचेमुळं थांबते."

"मोटार इथं थांबते कारण इथं माणसं आहेत, वहिनी."

"माणसं सावलीमुळं हायेत," कमळ म्हणाली, पण हळबे तोवर खळ ढवळत होता.

एक डाव म्हणजे पाच वर्षं. पहिल्या डावात हळबेनं चिंचेच्या जागेभोवती वाल चिकटवले. कमळनं मनात दुसरं बाकडं मांडलं. दुसऱ्या डावात वाल इतके झाले की नकाशा दिसेना. कमळनं बाकड्यापुढं टेबल मांडलं. तिसऱ्या डावात हळबे मान हलवत म्हणाला, "आता इथं दाटी झाली. जागा महाग झाली. मोटारीला वळायला जागा राहिली नाही." त्यानं चिंचेजवळचे वाल नखानं उचकटून खारीत लावले आणि लाल दोरा फाट्यावरून खारीकडं वळवला. चौथ्या डावात उरलेले वाल दोऱ्यामागं गेले. चिंचेकडं येणारा दोरा मोकळा झाला. तो त्यानं बोटाला गुंडाळून खिशात टाकला.

"म्हंजे गिऱ्हाईक वाढलं म्हणून माजं हॉटेल बंद?" कमळनं विचारलं.

"अगदी बरोबर ओळखलंत," हळबे आनंदानं म्हणाला. विलायतेतल्या पोरांना ते समजायला वर्ष लागलं होतं.

त्या दिवसापासून त्याच्या चहात साखर कमी पडायला लागली.

हळबे रोज नव्यानं मांडायचा. कधी चिंचेकडं जास्त वाल, कधी खारीकडं. आणि एका दुपारी तो विहिरीवर आंघोळीला गेला असताना पंचाईत झाली. खळ वाळली आणि खारीकडचे वाल टपाटप खाली पडले. चिंचेकडचे राहिले.

ओटीवर बसलेल्या गावानं हातातले ग्लास खाली ठेवले.

आता, कौल कसा लावतात ते आवळेखारात कुणाला सांगावं लागत नाही. देवीच्या दोन्ही अंगांना ओले तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. पोरीचं लग्न, म्हशीची खरेदी, बांध कुणाचा, सगळं असंच ठरायचं. आणि इथं भरदिवसा, गुरव समोर बसलेला असताना, कुणी न विचारता कौल पडला होता.

"उनामुळं पडलं ते," कमळ म्हणाली. "त्या बाजूला आधी ऊन येतं."

"तुजं हॉटेल हाय, तू असंच म्हननार," कुणीतरी म्हणालं.

"भागोजीमामा, तुमी सांगा," दिनानाथ म्हणाला. त्याचा आवाज एवढा गोड झाला होता की दोघातिघांनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

भागोजी अडचणीत आला. फळीला देव मानावं तर त्याच्या देवीचं गिऱ्हाईक जाणार. न मानावं तर लोक त्याच्याविना मानणार, ते आणखी वाईट. त्यानं वेळ काढला. "उजवा म्हंजे देवाचा उजवा. आपला न्हाय. देवी आपल्याकडं तोंड करून बसते, म्हनून तिचा उजवा आपल्या डावीकडं. या फळीचं तोंड कुठं हाय, ते आदी कळायला पायजे."

एवढ्यात हळबे डोकं पुसत आला. भागोजीनं विचारलं, "सायेब, या फळीचं तोंड कुठल्या दिशेला?"

हळबेला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत गावकऱ्यानं विचारलेला हा पहिला शास्त्रशुद्ध प्रश्न होता. "उत्तरेला," तो म्हणाला. "नकाशाचं तोंड नेहमी उत्तरेला असतं."

भागोजीनं डोळे मिटून स्वतःला उत्तरेकडं तोंड करून बसवलं आणि उजवा हात पसरला. हात पूर्वेला गेला. खारीच्या बाजूला.

"उजवा कौल," तो म्हणाला. "खारीला होकार."

दुसऱ्या दिवशी फळीच्या कोपऱ्यात शेंदराचा ठिपका होता. हळबेला वाटलं, ऑफिसनंच कधीतरी मारलेली खूण असेल. खाली नारळ ठेवलेला होता. तो त्यानं फोडून खाल्ला आणि कमळलाही दिला.

गाव मात्र आतून ढवळलं होतं. कमळ वाल हलवते, असा दिनानाथच्या माणसांना संशय. दिनानाथनं साहेबाच्या खळीत काहीतरी घातलं, असा बाकीच्यांना. मग फळीवर पहारा बसला. चिंचेकडचा एक, खारीकडचा एक, आणि हे दोघं आतून मिळालेत का ते बघायला तिसरा. तिघंही चहा प्यायचे. ते दिवस कमळला बरे गेले.

या तिघांच्या डोळ्यांदेखत कमळची कोंबडी बाकड्यावर चढली आणि तिनं खारीतली साठ घरं खाल्ली.

ती का खाल्ली यावर देवळात बैठक भरली. दिनानाथचं म्हणणं, कोंबडी शिकवलेली आहे. कमळ म्हणाली, "शिकवलेली असती तर तुजं मिठागर खाल्लं असतं." कोंबडीला बैठकीत आणलं होतं. तिच्यासमोर दोन वाल ठेवून बघावं, कुठला आधी उचलते, असं ठरलं. तिनं भागोजीच्या अंगठ्याला टोच मारली आणि विषय तिथंच राहिला.

हळबेला यातलं काही कुणी सांगितलं नाही. तो आला, त्यानं खारीतली घरं नाहीशी झालेली पाहिली आणि विचार केला. मग हिरामणला विचारलं, "इथं खारीत कधी घरं वाहून जातात का?"

हिरामणचं एक वाक्य झालं की दुसरं यायला बराच वेळ जायचा. "बांधाला खांड पडली की जातं," तो म्हणाला. भरतीच्या पाण्यानं बांध फुटला की त्याला खांड म्हणतात, हेही त्यानं ग्लास संपल्यावर सांगितलं.

"खांड," हळबे म्हणाला. "ही धरायलाच हवी होती." तेव्हापासून दर चौथ्या डावाला तो खारीतले मूठभर वाल स्वतःच काढून घ्यायला लागला, आणि पुढच्या डावात तिथंच परत लावायला लागला. "लोक विसरतात आणि पुन्हा बांधतात," तो म्हणायचा.

पण कौल पडला तो पडला. शिमग्याच्या महिनाभर आधी एक कुटुंब खारीत गेलं. कारण विचारलं तर म्हणाले, इकडं ढेकूण झालेत. मग दुसरं गेलं, त्यांना वारा लागत नव्हता. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, तिला पाण्याचा आवाज आवडतो. जन्मभर ती त्या आवाजाला शिव्या देत आली होती. प्रत्येकाला वाटत होतं की पक्का रस्ता येण्याआधी त्याच्या कडेची जागा आपण धरावी, आणि प्रत्येकाला संशय होता की शेजारीही तेच करतोय. कुडाच्या भिंती आणि पेंढ्याचं छप्पर असलेलं घर. आठदहा माणसं छपराखाली शिरली की ते खांद्यावर उचलून कुठंही नेता येतं. दिनानाथनं ऐन मिठाच्या हंगामात माणसं दिली. ज्या माणसानं कधी कुणाला चिमूटभर मीठ जादा दिलं नव्हतं, त्यानं जागा दिली.

निम्मं गाव खारीत गेल्यावर मोटारीचा ड्रायव्हर फाट्यावर थांबून बघायला लागला. खारीकडं जास्त माणसं उभी दिसली की तिकडं वळायचा. मग रोजच वळायला लागला. मोटार तिकडं जाते म्हटल्यावर उरलेल्यातलेही बरेच तिकडं गेले.

चिंचेखाली कमळ, हिरामण, कोंबडी आणि साहेब उरले. सकाळची किटली संध्याकाळी तशीच भरलेली. तिनं दुधाचा रतीब निम्मा केला, मग त्याच्याही निम्मा केला. बटर मऊ पडले.

"पावसात काय खायचं?" तिनं हिरामणला विचारलं.

हिरामणनं पायाचं वाळलेलं मीठ झटकलं. मग म्हणाला, "आपन पन जाऊ."

"दिनानाथच्या जागेवर? तिथं तो सोताच चहाचं टाकनार हाय. किटली घेतलीय त्यानं, मला म्हाईत हाय."

हळबे मात्र हवेत होता. फळीनं पंधरा वर्षांनी सांगितलेली गोष्ट होळीपर्यंत झाली होती. त्यानं नवा डाव मांडायला घेतला आणि कमळला बोलावलं. "बघा वहिनी. मी म्हटलं होतं ना, घरं खारीत जातील, रस्ता मागून जाईल? तंतोतंत झालं. यातून एकच सिद्ध होतं."

"व्हय. लोकांनी फळी बगितली."

"म्हणजे?"

"म्हंजे तुमी फळी आनली न्हवती तवर कोन गेलं होतं खारीत? त्यांनी फळी बगितली आनि गेले. तुमी त्यांना बगता आनि म्हंता फळी खरी. सायेब, या फळीवर माजी चिंच न्हाय ते ऱ्हाऊ दे. फळीवर ही फळी कुठं हाय?"

दुसरा कुणी असता तर रागावला असता. हळबेचे डोळे चमकले. त्यानं काडेपेटीचा तुकडा कापून एवढीशी फळी केली, चिंचेच्या जागी खळीनं चिकटवली आणि तिच्यापुढं बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, हे मोठ्या साहेबांना दाखवायला हवं, फळी दाखवून त्यांना घेऊनच येतो. फळी डोक्यावर घेऊन त्याला फाट्यापर्यंत चालत जावं लागलं, कारण मोटार आता इकडं येत नव्हती.

तो गेल्यावर कमळ ओटीवर बसली आणि विचार करायला लागली. लोक वालाकडं बघून गेले नाहीत. एकमेकांकडं बघून गेले. ज्याला जास्त माहीत असेल असं वाटलं त्याच्याकडं बघून गेले. आणि साहेब कुणाच्या ओटीवर राहत होता? खळ कुणी केली? साहेबाशी रोज बोलत कोण होतं?

दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावलं आणि एक बाकडं करायला सांगितलं. लांब.

सुतार खारीत राहायला गेलेला होता. त्यानं संध्याकाळी तिथं सांगितलं. "कमळवैनी बाकडं करून घेते. आठ मानसांचं."

"कुणासाटी? तिथं कुत्रं न्हाय बसायला," सोनाबाई म्हणाली. ती सगळ्यात आधी खारीत आलेल्या घरातली.

"तेच तर."

कमळनं मग ओटी सारवली आणि पुढं दोन हात वाढवली. चिंचेखालची माती कुदळीनं सारखी करून घेतली, मोटार वळायला लागते तेवढी. हिरामणला बजावून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर काही बोलायचं नाही. त्याला ते जड गेलं नाही. मिठागरात लोकांनी त्याला दिवसभर खोदून विचारलं. तो नुसता हसायचा. हिरामण हसतो, हे खारीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

सोनाबाई स्वतः आली. बटर घेतला, मऊ होता, तरी खाल्ला. "कमळे, साहेब काय म्हनून गेला गं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?"

"मी म्हनलं काय न्हाय, म्हंजे काय न्हाय. तुमी सुखानं ऱ्हावा की खारीत. वारा हाय, पान्याचा आवाज हाय."

एवढं पुरलं. सोनाबाईनं परत जाऊन घरातल्या माणसांना छपराचे बंध सोडायला सांगितलं. शेजाऱ्यानं बंध सुटताना पाहिले आणि स्वतःचे सोडले. वैशाखात तसंही छप्पर शाकारायचंच असतं, असं प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता.

दिनानाथला हे कळलं तेव्हा त्यानं तातडीनं खारीत विहीर खणायला घेतली. खारीत गोडं पाणी लागत नाही हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं सगळ्यांना वाटलं की ज्या अर्थी हा खणतोय, त्या अर्थी याला काहीतरी पक्कं कळलंय. गावात राहिलेली चारपाच घरं इतके महिने हलली नव्हती. विहिरीची बातमी ऐकून त्यांनी छपरं उचलली.

मग एका सकाळी असं झालं की खारीतून सोनाबाईचं छप्पर आणि त्यामागं आणखी पाच छपरं गावाकडं निघाली, आणि गावातून चार छपरं खारीकडं निघाली. छपराखालच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही. फक्त पाय दिसतात. बांधाच्या वाटेनं निम्म्यावर मसणवटा लागतो. तिथं पुढच्या छपराला समोरून येणारे पाय दिसले. सगळी छपरं थांबली.

"कुठं चाललात?" एका छपरानं विचारलं.

"तुमी कुठं चाललात?"

"आमी आदी इचारलं."

कुणीच सांगेना. जो सांगेल तो फसेल असं दोन्हीकडच्या छपरांना वाटत होतं. खांदे भरून आले तशी छपरं जमिनीवर टेकवली आणि माणसं बाहेर येऊन एकमेकांकडं बघत बसली. तुम्ही हललात तर आम्ही हलू. ऊन चढलं. मागून बायका सामान घेऊन आल्या, त्या आपापल्या छपराखाली बसल्या. सोनाबाईनं तीन दगड मांडून भात टाकला. कुणाचं पोर छपराच्या आढ्याला बांधलेल्या झोक्यात झोपलं. भागोजी दोन्ही बाजूंच्या मधोमध उभा राहिला. तिथं कौल लावायला ना देव होता ना फळी, म्हणून तो नुसताच उभा होता.

आणि त्याच वेळी शेतातून धूळ उडवत जीप आली.

जीपमध्ये हळबे, त्याचे मोठे साहेब आणि दोन माणसं. मागं लोखंडी खांब. मोठ्या साहेबांनी खाली उतरून पाहिलं. दहा छपरं, चूल पेटलेली, पोरं झोपलेली, मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं बसलेली.

"हेच का गाव?" त्यांनी विचारलं.

"साहेब, गाव खरं म्हणजे..." हळबेनं सुरुवात केली.

साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि समोरच्या माणसाला विचारलं. "काय हो, हे गाव कुठलं?"

माणसानं साहेबाच्या बुटांकडं पाहिलं. खरं सांगावं की नाही याचा अंदाज घेतला. "आवळेखार," तो म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

"वस्ती दाट आहे," साहेब म्हणाले. "घरं फार बुटकी बांधतात. भिंतीच दिसत नाहीत." त्यांनी माणसांना खूण केली. खड्डा खणला, खांब रोवला, चुना ओतला. खांबाला पाटी होती. फाट्यापासून सरळ इथवर पक्का रस्ता येणार आणि मोटार इथंच थांबणार. साहेब म्हणाले, बाकी कामं बघायची आहेत, आणि जीप गेली.

कुणी हललं नाही. दिनानाथ खारीतून धावत आला, तो खांबापाशी येऊन थांबला. त्यानं खांब हलवून बघितला. पक्का होता.

"मसणवट्यात मोटार," भागोजी म्हणाला. "वर चढायला आनि वर जायला एकाच जागी."

कमळला हे तासाभरात कळलं. ती आली तेव्हा छपरं तशीच बसलेली होती. तिनं खांबाला एक फेरी घातली. तिथं सावली नव्हती. एक वाळकं शेवराचं झाड होतं, आणि पलीकडं जाळायची जागा. तिनं वाढवलेली ओटी, सारखी केलेली माती, आठ माणसांचं बाकडं, सगळं चिंचेखाली होतं.

"आता गं?" सोनाबाईनं विचारलं. "तुला तर सगळं म्हाईत होतं."

"व्हय," कमळ म्हणाली. आता नाही म्हणून उपयोगच नव्हता. "हिरामणला हाक मारा. आनि आठजन चला माज्याबरोबर. बाकडं आनायचंय."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग सोळाजण उठले.

पावसाआधी हॉटेल उभं राहिलं. चिंचेची एक फांदी हिरामणनं आणून खांबाशेजारी रोवली. ती लागणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. छपरांखाली हळूहळू कूड उभे राहिले, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. मसणवटा गावानं अजून पुढं, दिनानाथच्या रिकाम्या विहिरीकडं ढकलला. चहाला गिऱ्हाईक पूर्वीपेक्षा जास्त होतं. मोटारीची वाट बघणारे होतेच, वर मयत पोचवायला येणारे. ते परतताना हातपाय धुऊन थांबायचे आणि त्यांना बोलायला नको असायचं, नुसता चहा हवा असायचा.

रस्ता झाल्यावर पहिल्या मोटारीतून हळबे उतरला. टपावर तीच फळी होती, नव्यानं रंगवलेली. तिच्यावर आता मसणवटा होता, खांब होता, आणि काडेपेटीची एवढीशी फळीही होती. मोठ्या साहेबांना ती समजली नव्हती, पण ऑफिसनं त्याला आणखी एक वर्ष दिलं होतं.

"वहिनी, ठेवायला जागा मिळेल का?"

कमळनं फळीकडं पाहिलं. बाकड्यावर बसलेलं गाव आधीच मान लांब करून बघत होतं. ती म्हणाली, "मिळंल. पन उभी न्हाय ठेवायची."

तिनं आणि हिरामणनं फळी आडवी केली, दोन पेट्यांवर टेकवली आणि बाकड्यापुढं टेबल म्हणून सरकवली. वर ग्लास मांडले. हळबे काही बोलायच्या आत त्याच्या हातातही एक आला. या वेळी साखर पुरेशी होती.

दिनानाथनं चहा संपवून ग्लास उचलला. फळीवर ग्लासाचा ओला गोल उमटला होता. बरोबर भातशेतीवर, खाडीच्या अलीकडं, जिथं कुणाचंच घर नव्हतं. तो गोलाकडं बघत राहिला. मग त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि बाहीनं गोल पुसून टाकला.

कमळ स्टोव्हला पंप मारत होती. तिनं पाहिलं, आणि शेजारी बसलेल्या सोनाबाईनंही पाहिलं.